वाळवंटातील वेष : एक औचित्यविचार

काव्य, नाटक, संगीत आणि शिल्प यांची समीक्षा करण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. वस्त्राची समीक्षा मात्र क्वचितच होते. वस्त्राचा भाव विचारला जातो, पोत बोटांनी चाचपला जातो, रंग टिकेल किंवा कसे याची चौकशी होते आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः वस्त्रालाही प्रयोजन असते, रचना असते, आणि म्हणूनच गुणदोषही असतात. प्रस्तुत लेखात आम्ही एका विशेष वस्त्राची परीक्षा करणार आहोत. ते वस्त्र म्हणजे वाळवंटात लढणाऱ्या सैनिकाचा गणवेश. इतर सर्व वस्त्रे दिसण्यासाठी असतात. हे एकच वस्त्र दिसू नये म्हणून विणले, रंगविले आणि छापले जाते. जे डोळ्यांना दिसले की फसले, त्याचे सौंदर्य कोणत्या कसोटीने ठरवावे?

हा प्रश्न आम्ही सुरतेच्या नवागामातील वाचकांसमोर मुद्दाम मांडीत आहोत. उधना, दिंडोली, लिंबायत आणि नवागाम या भागांत धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने नांदत आहेत. ताप्तीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने खानदेश सुरतेला जोडला आणि पुढे यंत्रमागांनी खानदेशी माणसाला येथे स्थिर केले. ताणा-बाणा, रंगाई, छपाई हे शब्द या घरांत पोथीतले नसून रोजच्या भाकरीचे आहेत. तेव्हा कापडाविषयीचा विवेक या वाचकांना परका वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

कसोटीसाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्य हे रसाचे जीवित मानले. त्याचा दृष्टांतही वस्त्रालंकारांचाच आहे : कमरेची मेखला गळ्यात आणि गळ्यातील हार कमरेला बांधला, तर दोन्ही अलंकार मौल्यवान असूनही नेसणारा हास्यास्पद ठरतो. अलंकार स्वतः चांगला असून भागत नाही, तो आपल्या स्थानी असावा लागतो. काव्यातील औचित्याचे जे प्रकार त्याने सांगितले, त्यांत देश आणि काल यांच्याही औचित्याचा समावेश आहे. सैनिकाच्या वेषाला या कसोटीहून अधिक समर्पक कसोटी आम्हांस तरी आढळली नाही.

आपल्या परंपरेतला योद्धा लपत नाही, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. महाभारतातील प्रत्येक महारथ्याचा ध्वज निराळा, शंख निराळा, घोड्यांचा वर्णही निराळा. दुरूनच ओळख पटावी हाच त्यामागील हेतू. परंतु त्याच महाभारतात विराटपर्व आहे. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर ठेवली आणि लोकांनी तिकडे फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेतही बांधले. आपली शस्त्रे लपवून ठेवण्याची ही युक्ती महाभारतकारांना निंद्य वाटलेली नाही. वर्ष संपले, कौरवांशी गाठ पडली, तेव्हा मात्र अर्जुनाने उत्तराचा सिंहध्वज उतरवून आपला कपिध्वज उभारला. म्हणजे लपण्याचा काल वेगळा आणि प्रकट होण्याचा काल वेगळा. दसऱ्याला ज्या शमीची आपण पूजा करतो, तोच वृक्ष राजस्थानात खेजडी या नावाने थरच्या वाळवंटात उभा आहे, हाही एक अर्थपूर्ण योगायोग होय.

युरोपातील सैन्येही दीर्घकाळ भडक रंगांतच लढली. इंग्रजांचा लाल डगला सर्वांस ठाऊक आहे. त्यामागे केवळ डौल नव्हता. जुन्या दारूचा धूर रणांगण झाकून टाकी आणि त्या धुरात आपला कोण, परका कोण हे कळण्यासाठी ठळक रंग उपयोगी पडे. एकोणिसाव्या शतकात बंदुकीचा पल्ला वाढला, शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली आणि ठळक रंगाचे औचित्य संपले. कालच्या शोभेचा आज प्राणघातक दोष झाला.

या बदलाची पहिली पावले हिंदुस्थानच्या मातीत पडली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ‘खाकी’ हा शब्दच ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आलेला. १८४६ साली हॅरी लम्सडेन याने पेशावर येथे ‘गाइड्स’ ही पलटण उभारली. तिचे कपडे त्या प्रदेशाच्या मातीशी मिळतेजुळते असावेत असे ठरले. लम्सडेनचा सहकारी हॉडसन याने १८४८ साली असे मळकट कापड विलायतेहून मागविले आणि धुळीच्या मुलुखात आपली माणसे दिसू नयेत हा आपला हेतू पत्रात स्पष्ट नोंदविला. पुढे १८५७च्या धामधुमीत अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहा, कॉफी, शाई आणि चिखल, जे हाती लागेल त्यात बुडवून मळकट केले. पांढरे स्वच्छ कपडे हा ज्या सैन्याचा अभिमान होता, त्यानेच ते जाणूनबुजून मळवावेत, यात या वस्त्राच्या इतिहासाचे सारे मर्म आले.

आमच्या कोंकणी वाचकांना या कथेतील मंगळूरचा भाग जवळचा वाटेल. बासेल मिशनने १८५१च्या सुमारास मंगळूर येथे विणकामाचा कारखाना काढला. तेथील जर्मन विणकर हॉलर याने स्थानिक झाडाच्या रसापासून खाकी रंग सिद्ध केला, अशी परंपरागत कथा त्या कारखान्याच्या संदर्भात सांगितली जाते. गाइड्स पलटणीचा मळकट वेष त्याआधीचा असल्यामुळे खाकीचा जन्म मंगळुरास झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; तरी ते कापड विणण्यात आणि रंगविण्यात किनारपट्टीच्या कारागिरांचा हात होता, हे मानण्यास प्रत्यवाय नाही. खरी अडचण रंग टिकण्याची होती. झाडपाल्याचा रंग प्रत्येक धुण्याला निराळा होई आणि एका पलटणीत दहा छटा दिसत. १८८४ साली मँचेस्टरच्या परिसरातील गॅटी व लीमन यांनी न विटणाऱ्या खनिज खाकी रंगाचे पेटंट घेतले. त्यानंतर हा रंग हिंदी सैन्यात सार्वत्रिक झाला आणि बोअर युद्धाच्या अनुभवानंतर १९०२ साली खुद्द ब्रिटनमधील सैन्याचाही रणवेष खाकी वर्णाचाच झाला. धुळीने साम्राज्याच्या लाल डगल्यावर विजय मिळविला, असे म्हटले तरी चालेल.

ही खाकी अंगावर घालून मराठी माणूस जगाच्या वाळवंटांत लढला आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुट येथे जो वेढा पडला, त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुट पडले, आणि उरलेल्यांच्या वाट्याला उन्हातान्हातून कैदेची वाटचाल आली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या रखरखीत डोंगरांत मराठा पलटणी झुंजल्या. १९४२च्या जूनमध्ये टोब्रुक पडले, तेव्हाही तेथे मराठा पलटण होती. खाकीने त्यांना शत्रूच्या नजरेपासून काही प्रमाणात झाकले. भूक, तहान आणि सेनापतींच्या चुका यांपासून झाकणारे वस्त्र अद्याप निघालेले नाही. वेषाच्या परीक्षणात ही मर्यादा विसरू नये. वस्त्राची स्तुती करताना ते ल्यालेल्या देहाचे विस्मरण झाले, तर ती समीक्षा पोकळ ठरते.

साध्या खाकीनंतर नक्षीदार छद्मवेषाचे युग आले. अमेरिकन चित्रकार ॲबट थायर याने १९०९ साली प्राण्यांच्या संरक्षक रंगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१५ साली फ्रेंच सैन्याने चित्रकारांना हाताशी धरून छद्मकलेचे स्वतंत्र पथकच स्थापिले. १९२९ साली इटलीत तंबूंसाठी छापील नक्षीचे कापड मोठ्या प्रमाणावर निघू लागले. प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट याचा याच विषयावरील ग्रंथ १९४० साली निघाला आणि त्याने पुढे उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सैनिकांना ही विद्या शिकविली. १९४२च्या अल् अलामीनच्या लढाईपूर्वी तेथे रणगाड्यांवर कापडी सांगाडे चढवून त्यांस मालमोटारींचे रूप देण्यात आले होते.

या नक्षीचे तत्त्व समजून घेणे अवश्य आहे. मनुष्याची नजर रंगापेक्षा बाह्यरेषा आधी पकडते : डोके, खांदे, हात यांची आकृती. परस्परविरुद्ध छटांचे तुकडे त्या रेषेला मधेच छेदतात आणि आकृती फुटते. परंतु ज्या पार्श्वभूमीवर नक्षी वागवायची, तिच्यातही तशीच प्रकाश-छाया असली पाहिजे. झुडुपांच्या किंवा खडकांच्या प्रदेशात ती असते. मोकळ्या वाळूत नसते. वाळूच्या विस्तीर्ण पटावर ठळक नक्षी स्वतःच डोळ्यांत भरते आणि तेथे बापुडी साधी खाकीच सरस ठरते. शिवाय दूर अंतरावरून बारीक नक्षीचे सर्व रंग मिसळून एकच रंग दिसतो. म्हणून नक्षी मोठीही हवी आणि लहानही हवी. अलीकडील चौकटीचौकटींच्या नक्षीमागे हाच दुहेरी प्रयत्न आहे.

औचित्य सुटले की काय होते, याची उदाहरणे शिकण्याजोगी आहेत. अमेरिकेने वाळवंटासाठी सहा रंगांची नक्षी तयार केली. तिच्यात दगडगोट्यांचा भास व्हावा म्हणून काळेपांढरे ठिपके होते. गोट्यांनी भरलेल्या अमेरिकन वाळवंटात ती शोभली असती; १९९१च्या आखाती युद्धात मात्र सैनिक ती घालून अरबी वाळूत उभे राहिले, जेथे तसे गोटे नव्हते. सैनिकांनीच तिला एका बिस्किटाचे नाव देऊन टाकले, आणि लवकरच तीन रंगांची सौम्य नक्षी आली. त्यानंतर २००४ साली त्याच देशाने रान, वाळवंट आणि शहर या सर्वांसाठी एकच राखाडी नक्षी स्वीकारली. सर्वत्र चालावी म्हणून केलेली ती नक्षी कोठेच नीट चालेना. २०१५पासून ती टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली.

याहून बोलके उदाहरण अफगाणिस्तानचे आहे. तेथील राष्ट्रीय सैन्यासाठी रानाची, हिरवट छटांची एक खासगी मालकीची नक्षी निवडण्यात आली. अमेरिकी सरकारच्या विशेष महालेखानिरीक्षकांनी २०१७ साली दिलेल्या अहवालात म्हटले आहे, की अफगाणिस्तानच्या भूमीपैकी जेमतेम दोन टक्के भाग वनाच्छादित असताना, आणि ही नक्षी तेथे उपयुक्त आहे की नाही याची परीक्षा न करता, केवळ मंत्र्यांना ती आवडली म्हणून ती घेण्यात आली. त्यापायी सुमारे २ कोटी ८० लक्ष डॉलरपर्यंत अधिक खर्च झाला. क्षेमेंद्राने सांगितलेली गळ्यातील मेखला हीच. कोणी म्हणेल, हा पैशाचा प्रश्न आहे. आमच्या मते तो पैशाचा नंतर आणि प्राणांचा आधी आहे. खुर्चीवर बसून निवडलेल्या रंगाची किंमत उघड्या माळावर पडून राहणाऱ्या शिपायाला मोजावी लागते.

आता आपल्या घराकडे वळू. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने खाकीऐवजी ऑलिव्ह हिरवा रंग स्वीकारला. परकी सत्तेच्या वेषापासून आणि खाकी राखणाऱ्या शेजाऱ्याच्या सैन्यापासून वेगळेपणा दिसावा, हा हेतू उचित होता. पण हिरवा रंग वाळूचा नव्हे. १९७१च्या युद्धात जैसलमेर-बाडमेरच्या वाळूत आपले जवान ज्या शौर्याने लढले, त्या शौर्याला वेषाची फारशी साथ नव्हती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ताडाच्या पानांचा भास देणारी छापील नक्षी आली आणि तिची फिकट, मातकट आवृत्ती वाळवंटासाठी वापरात आली. १५ जानेवारी २०२२ रोजी सेनादिनाच्या संचलनात भारतीय सैन्याने नवा रणवेष प्रथम दाखविला. दिल्लीच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तो तयार झाला. १५ नक्षी, ४ बेत आणि ८ प्रकारची कापडे तपासून ही निवड केल्याचे सांगण्यात आले. ऑलिव्ह आणि मातीच्या छटांची ही चौकटीची नक्षी आहे. कापडात सुती व पॉलिस्टर यांचे प्रमाण ७० आणि ३० आहे.

या वेषाचे गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. रचना संयमी आहे, रंग भडक नाहीत, कापड हलके आणि लवकर वाळणारे आहे. सुताचे प्रमाण अधिक ठेवणे हा उष्ण प्रदेशातील देहाचा मान राखणारा निर्णय होय. आपल्या तरुण कलाकारांनी आपल्या भूमीचे रंग मिसळले, हेही अभिमानास्पद आहे. तथापि एकच नक्षी सर्व भूमींसाठी, या कल्पनेविषयी आम्हांस शंका वाटते. वाळवंट म्हणून जे आपण एका शब्दात सांगतो, तेही एक नाही. थरची वाळू पिवळसर. पहाटे ती तांबूस भासते, दुपारी उन्हाने पांढुरकी होते आणि पाऊस झाला की काही आठवडे तीवर हिरवी लव चढते. सुरतेच्या याच गुजरात राज्यातील कच्छचे रण तर मिठाने पांढरे पडलेले असते. पुण्याच्या दक्षिण विभागीय सेनामुख्यालयाच्या कक्षेतच पिवळी वाळूही येते आणि पांढरे रणही येते. या दोहोंना एकच वस्त्र कसे पुरेल? अमेरिकेचा अनुभव डोळ्यांपुढे असताना भूमीप्रमाणे छटा बदलण्याची सोय असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात खर्च वाढेल, पुरवठ्याची अडचण येईल, हे आम्ही जाणतो. पण औचित्य हे सोयीचे दुसरे नाव नव्हे.

रंगछपाईच्या धंद्यातील वाचकांसाठी आणखी एक मुद्दा सांगणे अवश्य आहे. आता शत्रूचा डोळा केवळ मनुष्याचा राहिलेला नाही. रात्री पाहण्याची यंत्रे अवरक्त किरणांनी पाहतात. दिवसा मातीसारखे दिसणारे कापड त्या यंत्रात उजळ चमकू शकते, कारण डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग अवरक्त किरणांना सारखे परतवीतच असे नाही. म्हणून रंगद्रव्याची निवड ही आता डोळ्याने छटा जुळविण्याची गोष्ट उरली नाही. तसेच अशा कापडाला खळ घालून कडक इस्त्री करू नये, पांढरेपणा वाढविणारी साबणपूड वापरू नये, अशा सूचना दिलेल्या असतात; त्याने कापडाला चमक येऊन त्याचा मूळ गुण जातो. संचलनाची झळाळी आणि रणातील निस्तेजपणा यांचा हा विरोध विराटपर्वाइतकाच जुना आहे. ज्या शहराने साड्यांना चमक देण्याची विद्या साधली, त्या शहराला चमक घालविण्याची विद्याही साधावी लागेल. आमच्या दृष्टीने ती अधिक कठीण आणि अधिक मोलाची विद्या आहे.

येथवर देश आणि काल यांचे औचित्य पाहिले. तिसरे औचित्य अधिकाराचे. आणि आपल्यासारख्या नागरिकांचा खरा संबंध त्याच्याशी येतो. रामायणात रावण भिक्षूचा वेष घेऊन सीतेच्या दारी येतो आणि महाभारतात पांडव वेष पालटून विराटाच्या नगरीत राहतात. दोन्ही ठिकाणी वेषांतर आहे. मग एकाला अधर्म आणि दुसऱ्याला प्रतिज्ञापालन का म्हणावे? आमचे उत्तर असे, की पांडवांनी शत्रूच्या नजरेपासून स्वतःला लपविले, तर रावणाने भिक्षूवर असलेल्या गृहस्थाच्या विश्वासाचा घात केला. १९०७च्या हेग येथील युद्धनियमांनीही हाच भेद केला आहे : रणातील युक्त्या संमत, पण शत्रूच्या गणवेशाचा गैरवापर निषिद्ध. लपणे वेगळे आणि सोंग घेऊन विश्वास लुटणे वेगळे.

जानेवारी २०१६मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे अतिरेकी सैनिकी वेषात आले होते. त्यानंतर नागरिकांनी सैन्याच्या नक्षीचे कपडे वापरू नयेत आणि दुकानदारांनी ते विकू नयेत, असे आवाहन सैन्याने केले. नव्या नक्षीची नोंदणी करून तिचे हक्क सैन्याने स्वतःकडे घेतल्याचे नोव्हेंबर २०२२मध्ये जाहीर झाले. सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा वेष घालणे हा पूर्वीच्या दंडसंहितेच्या कलम १४० प्रमाणे गुन्हा होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ मध्येही तो गुन्हाच आहे. असे असूनही तत्सम नक्षीचे शर्ट, टोप्या, पिशव्या आणि लहान मुलांचे पोशाख बाजारांत व जत्रांत सर्रास दिसतात. मुलाने हौसेने तसा सदरा घातला तर त्यात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे वस्त्र मृत्यूला चुकविण्यासाठी निर्माण झाले, ते मिरविण्यासाठी वापरणे हा रसभंग आहे. ज्याला दिसायचे नाही त्याचे वस्त्र, दिसण्याची हौस असणाऱ्याने घालावे, यापरता विपर्यास कोणता?

नवागामच्या मराठी समाजाला आमचे सांगणे एवढेच, की माग आणि छपाईचे यंत्र चालविणारा मनुष्य हा केवळ मजूर नाही. वस्त्राच्या औचित्याचा तो पहिला परीक्षक आहे. सैन्यासाठी कापड करण्याची संधी त्याच्या हाताला आली, तर एकेक छटा आणि एकेक धागा यांत त्याने हयगय करू नये, कारण त्या ताक्यातून शिवलेला सदरा कोणत्या वाळूत, कोणाच्या अंगावर असेल हे त्याला कधीच कळणार नाही. आणि अधिकार नसलेल्या व्यापाऱ्याने तीच नक्षी मागितली, तर ती छापण्यास त्याने नकार द्यावा. एक गिऱ्हाईक गेले तरी चालेल. दसऱ्याला घरातील हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते, तेव्हा मागाच्या धोट्यालाही हळदकुंकू लागते. त्या पूजेचा अर्थ यापेक्षा निराळा आहे असे आम्हांस वाटत नाही.